शिरोळच्या जाळ्यातला जिताडा : ओळख कशी पटली आणि तो आला कुठून

पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीच्या संगमाच्या जरा वरच्या अंगाला हा मासा सापडला. पावसाळा उलगडला होता, बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायची तयारी चालू होती आणि पाणी निवळायला लागलं होतं. ज्या भोई मामांच्या जाळ्यात तो आला, त्यांनी नेहमीसारखा गावातच न विकता तो कोल्हापूरला लक्ष्मीपुरीच्या बाजारात आणला. त्यांच्या भाच्याचं म्हणणं, हा समुद्राच्या माशासारखा दिसतोय, दर बरा येईल.

दर राहिला बाजूला. एक व्यापारी मासा बघून म्हणाला, "मामा, ह्यो जिताडा हाय. खाडीचा. नदीत कुटनं ईल? कुनाच्या तरी क्रेटमधनं आलाय ह्यो." म्हणजे सरळ चोरीचाच आळ. मामा भडकले. दुसरा म्हणाला जिताडा नव्हे, रावस आहे. तिसऱ्याने मोबाईलवर फोटो काढून एका ॲपला विचारलं, ॲपने 'यूरोपियन सी बास' असं ठोकून दिलं. त्या व्यापाऱ्याचा मुलगा आमच्याकडे प्राणिशास्त्र शिकून गेलेला. त्याने फोन केला. त्याला एवढंच सांगितलं, मासा कापू नका, धुऊसुद्धा नका, आणि मामांना जाऊ देऊ नका.

इथे प्रश्न दोन होते आणि बाजारात ते एकच समजले जात होते. मासा कुठला, हा एक. तो इथे कसा, हा दुसरा. 'नदीत येऊच शकत नाही' या दुसऱ्याच्या उत्तरावरून सगळे पहिल्याचं उत्तर काढत होते. कोणी त्यामुळे माशाची जात बदलली, कोणी मामांना खोटं ठरवलं. आमच्या कामात नेमकं हे टाळावं लागतं. आधी हातातला मासा बघायचा. नकाशा नंतर.

मासा काय सांगतो

थोबाडापासून शेपटीच्या टोकापर्यंत 62 सेंटिमीटर, वजन 3 किलोच्या थोडं वर. अंग लांबट, दोन्ही बाजूंनी दबलेलं. डोकं टोकदार, आणि डोळ्यांच्या वर कपाळाची रेषा आत दबून मग पाठीकडे एकदम चढलेली. ही खोलगट कपाळरेषा लांबूनही ओळखू येते. मामांनी ती बरोबर हेरली होती. म्हणाले, "आमी जन्म नदीत काढला सर, पर असलं मोडल्यालं टकुरं कंदी बगितलं न्हाई."

तोंड मोठं, जरा तिरकं. वरच्या जबड्याचं हाड डोळ्याच्या मागच्या कडेच्याही पलीकडे गेलेलं. जबड्यावरून बोट फिरवलं तर दात मखमलीसारखे बारीक लागतात, सुळा एकही नाही. पाठीवरचा पर, म्हणजे पोहायचा पंख, मधे इतका खोल कापलेला की पहिल्या नजरेला दोन पर वाटावेत. पुढच्या भागात 8 कडक काटे, मागच्या भागात 11 मऊ किरण. गुदपराला 3 काटे आणि 8 किरण. शेपटीचा पर गोल, पंख्यासारखा, मधे खाच नाही. पार्श्वरेषेवरचे, म्हणजे कुशीवरून डोक्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेवरचे, खवले मोजले ते 54 भरले. ही रेषा शेपटीच्या परावरही पुढे गेलेली होती. खवले हाताला खरखरीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कल्ल्याच्या झाकणाच्या पुढचं गालाचं हाड. त्याची खालची कड करवतीसारखी दातेरी, आणि कोपऱ्यावर एक दणकट काटा. जिताडा साफ करणाऱ्या कोकणातल्या बायकांना हा काटा न शिकवता माहीत असतो, कारण तो बोट कापतो.

हे सगळं एकत्र धरलं की उत्तर एकच निघतं : लॅटेस कॅल्कॅरिफर, म्हणजे रायगडचा जिताडा, मालवण-गोव्याचा चोणक, बंगाल्यांची भेटकी आणि ऑस्ट्रेलियाचा बॅरामुंडी. पुस्तकात या माशाला पाठीवर 7 ते 9 काटे आणि 10 ते 11 किरण, गुदपराला 3 काटे आणि 7 ते 8 किरण, पार्श्वरेषेवर 52 ते 61 खवले दिलेले असतात. आपला मासा सगळीकडे त्या चौकटीत बसतो. डोळ्यावर बॅटरी मारली तर सोनेरी-लालसर चमक येते. तीही आली, पण ती मी पुरावा म्हणून धरत नाही. शिळ्या माशात ती जाते आणि इतर माशांतही दिसते.

रंगाबद्दल मात्र थांबावं लागेल, कारण लक्ष्मीपुरीत अर्धा वाद रंगावरूनच पेटला होता. बाजारात येणारा खाडीचा जिताडा चंदेरी असतो. हा पाठीवर काळपट-हिरवा आणि कुशीवर पितळी झाक असलेला होता. म्हणून काहींना तो वेगळाच मासा वाटला. पण याच माशाने गोड्या पाण्यात दिवस काढले की अंगावर काळसर-सोनेरी छटा चढते, समुद्राकडे असला की तो उजळतो. त्यामुळे हा रंग जिताडा असण्याच्या विरुद्ध जात नव्हता. उलट तो मामांच्या बाजूने बोलत होता.

जे नव्हतं ते

रावस लगेच बाद झाला. रावसाच्या पाठीवर दोन पूर्ण वेगळे पर असतात, शेपूट खोल दुभंगलेलं असतं, तोंड थोबाडाच्या खाली असतं आणि छातीच्या परांखाली सुट्टे धागे लोंबतात. इथे यातलं काहीच नाही. घोळ मासा म्हणावं तर तिच्या कुळात गुदपराला दोनच काटे. तांबोशीला पाठीवर 10 काटे, सलग पर आणि जबड्यात सुळे. हेकरूची शेपटी गोल असते खरी, पण पाठीवर 11 काटे, पर सलग, आणि कल्ल्याच्या झाकणावर तीन चपटे काटे. चिलापीचं नाव कोणी घेतलं नाही हे बरं झालं, तरी सांगून ठेवतो : तिच्या पाठीवर 15 किंवा त्याहून अधिक काटे असतात आणि पार्श्वरेषा मधे तुटून दोन तुकड्यांत जाते.

ॲपच्या 'यूरोपियन सी बास'कडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं. हल्ली मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत 'सी बास' या नावाखाली काय काय मिळतं त्याचा मेळ नाही. यूरोपियन सी बास, म्हणजे डायसेंट्रार्कस लॅब्रॅक्स, हा नॉर्वेपासून सेनेगलपर्यंतच्या अटलांटिक किनाऱ्याचा आणि भूमध्य व काळ्या समुद्राचा मासा. तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये त्याची मोठी शेती होते. त्याच्या पाठीवर दोन पर स्पष्ट वेगळे, शेपूट दुभंगलेलं, कल्ल्याच्या झाकणावर दोन चपटे काटे, पार्श्वरेषेवर खवले साठाच्या वरच. जपानी सी बास, लॅटिओलॅब्रॅक्स, हा आणखी तिसऱ्याच कुळाचा. आणि ज्याला 'चिलीयन सी बास' म्हणून विकतात तो तर दक्षिण महासागरातला टूथफिश. सी बासशी त्याचं नातं फक्त मेनूकार्डावर. ॲप फोटोचा ठसा जुळवतं, काटे मोजत नाही. शिवाय त्या फोटोत शेपूट पाटीच्या आड गेलं होतं. फोटो काढणाऱ्याने शेपूट आणि उलगडलेला पाठीचा पर एवढं दाखवलं असतं, तर ॲपला नाही तरी माणसाला तिथल्या तिथे यूरोपियन बास बाद करता आला असता.

पोट

जात ठरली, पण मामांवरचा आळ तसाच होता. मासा जिताडाच आहे म्हटल्यावर व्यापाऱ्याला उलट बळ आलं : "बगा, मी म्हनलोच हुतो, खाडीचा."

म्हणून पोट उघडलं, सगळ्यांच्या देखत. आत तीन गोष्टी होत्या. कोळंबीचे तुकडे, त्यावरून काहीच सांगता येत नव्हतं. चिलापीचं एक पिल्लू. आमचा माजी विद्यार्थी खूश झाला, पण चिलापी निमखाऱ्या पाण्यातही जगते, कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशीही ती मिळते. तेवढ्यावर निकाल देता येत नव्हता. तिसरं होतं बोटाएवढं एक अर्धवट पचलेलं पिल्लू. त्याच्या जबड्यात एकही दात नाही, पण घशाच्या हाडावर दातांची रांग. ही खूण कार्प कुळाची, रोहू-कटला-मृगळ ज्यातले त्याची. जात सांगण्याइतकं शरीर उरलं नव्हतं, पण कुळ पक्कं. आणि ते कुळ आपल्याकडे गोड्या पाण्याचं.

पचनाच्या अवस्थेवरून हे पिल्लू गिळून फार वेळ झालेला नव्हता. म्हणजे मरण्याच्या थोडं आधी हा जिताडा गोड्या पाण्यात शिकार करत होता. रत्नागिरीहून आंबा घाटातून बर्फात आलेल्या माशाच्या पोटात हे मिळत नाही. कल्ले लालभडक होते, अंगावर बर्फाचे दाब नव्हते. मामा खरं बोलत होते. व्यापाऱ्याने माफी मागितली असं नाही, पण "बरं, नदीचा असंल" एवढं म्हणाला आणि काट्यावर मासा ठेवायची घाई करू लागला. अखेर दर ठरला तो खाडीच्या जिताड्याहून कमी आणि नदीच्या माशाहून जास्त. मामांनी डोकं आणि मणक्याचा पुढचा भाग आम्हाला दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

मुलूख

आता दुसरा प्रश्न. लॅटेस कॅल्कॅरिफरचा पसारा इराणच्या आखाताच्या पूर्व टोकापासून भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, चीन-तैवान आणि दक्षिणेला पापुआ न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत सांगितला जातो. साधारण 26 अंश उत्तर ते 25 अंश दक्षिण अक्षांशांच्या मधली उष्ण किनारपट्टी. त्यात नद्याही येतात, कारण हा मासा आयुष्याचा मोठा भाग खाडीत आणि नदीत काढतो आणि अंडी घालायला नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात उतरतो. पिल्लं भरतीबरोबर आत शिरतात, खाजणं, भातशेतीचे चर, नदीचा खालचा भाग इथे वाढतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात लोक पावसाळ्यात अशी पिल्लं धरून गावतळ्यात, घरच्या तळ्यात सोडतात आणि सणावाराला, पाहुण्याला जिताडा काढतात. तळं बहुतेक गोड्या पाण्याचंच. म्हणजे 'जिताडा गोड्या पाण्यात जगत नाही' हा कोल्हापूरकरांचा समज रायगडकराला ऐकवला तर तो हसेल.

मग नदीतून कोल्हापूरपर्यंत येईल का? नकाशा बघितला तर अरबी समुद्र कोल्हापूरपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. पण मधे सह्याद्री. गगनबावड्याच्या पलीकडे उतरणारं पाणी वाघोटणच्या खाडीला जातं, आंबा घाटाच्या पलीकडचं काजळी नदीतून भाट्याच्या खाडीला. अलीकडचं सगळं पाणी, म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र होऊन झालेली पंचगंगा, कृष्णेतून पूर्वेला बंगालच्या उपसागराला जातं. त्यामुळे पंचगंगेच्या दृष्टीने तिचा समुद्र मालवणचा नाही, आंध्रचा आहे. आणि कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात जिताडा आहे, तिकडे त्याला पंडुगप्पा म्हणतात. कागदावर वाट सापडली.

ती वाट चालून बघू. समुद्राकडून निघालेल्या माशाला पहिला अडसर विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज. आत्ताचं बांधकाम 1957 सालचं, पण त्याआधी 1855 पासून तिथे बंधारा होताच. पुढे पुलिचिंतला. मग 124 मीटर उंचीचं नागार्जुनसागर, 145 मीटरचं श्रीशैलम, जुराला, नारायणपूर, अलमट्टी, हिप्परगी. त्यानंतर आपल्या हद्दीत राजापूरचा बंधारा. अंतर हजार किलोमीटरहून अधिक. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढलेले असतात, तेवढ्यापुरती वाट मोकळी होते, हे मान्य. पण नागार्जुनसागरला बरगे नाहीत.

म्हणून हा मासा स्वतःच्या परांवर इथे आलेला नाही. माणसाने आणलेला आहे.

पिशवीतून

भारतात जिताड्याचं बंदिस्त प्रजनन पहिल्यांदा 1997 साली चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने जमवलं. थायलंडमध्ये ते 1970 च्या दशकातच सुरू झालं होतं. आज बीज, म्हणजे बारीक पिल्लं, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत देशभर जातं, आणि हळूहळू सवय लावली की ते गोड्या पाण्यात रुळतं. शिरोळ भागात चौकशी केली तेव्हा एका शेतकऱ्याने, फार आढेवेढे न घेता, सांगितलं की नदीकाठच्या शेततळ्यात त्याने असं बीज सोडलं होतं. आधीच्या पावसाळ्यात नदी फुगली आणि तळं पाण्याखाली गेलं. त्याच्या मते तोवर बरेच मासे एकमेकांनीच खाल्ले होते. हे पटण्यासारखं आहे. जिताड्याचं पिल्लू स्वतःच्या निम्म्याहून मोठ्या भावंडाला गिळतं, म्हणून आकारानुसार सतत निवड करावी लागते. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

वाढीचा हिशोब जुळतो का? पालनात हा मासा 6 महिने ते 2 वर्षांत साडेतीनशे ग्रॅमपासून 3 किलोपर्यंत जातो. आपला मासा वरच्या टोकाला आहे. छातीच्या पराखालचे खवले सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर एका जागी वलयं दाटीवाटीने आली होती. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की हा मासा खाणं जवळजवळ सोडतो आणि वाढ थबकते. कोल्हापूरच्या एका थंडीची ही खूण असावी. तळ्यातली आधीची वाढ, पूर, एक हिवाळा आणि मग हे जाळं, हा क्रम वयाशी विसंगत नाही. त्याच तळ्यातला हा मासा आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही, आसपास आणखी कोणी बीज आणलं असू शकतं. पण तळं आणि पूर यांच्या बाहेरचं स्पष्टीकरण शोधायची गरज उरत नाही.

व्हिक्टोरियाची भीती

बातमी पसरल्यावर आमच्या विभागात एका मुलीने विचारलं, "सर, हे व्हिक्टोरिया सरोवरासारखं होईल का?" प्रश्न चांगला होता. 1950 च्या दशकात आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात नाईल पर्च सोडला गेला आणि पुढे तिथल्या सिक्लिड माशांच्या शेकडो जातींवर संकट आलं. नाईल पर्च म्हणजे लॅटेस निलोटिकस, जिताड्याचा सख्खा चुलतभाऊ, एकाच प्रजातीगटातला.

फरक प्रजननात आहे. नाईल पर्च गोड्या पाण्यातच अंडी घालतो. जिताड्याला त्यासाठी खारं पाणी लागतं, साधारण हजारी 28 ते 32 भाग मीठ असलेलं. शिवाय हा मासा आधी नर म्हणून वयात येतो आणि बरीच वर्षं उलटून, अंग मीटरभर लांबीच्या घरात गेलं की मादी होतो. आपल्या माशाची जननग्रंथी दोऱ्यासारखी बारीक होती. पंचगंगेत जितके सुटले तितकेच, त्यांची पुढची पिढी इथे होणार नाही.

याचा अर्थ बीज बिनधास्त सोडा असा नव्हे. 3 किलोचा एक जिताडा रोज मासे खातो. दरवर्षी नव्या पिशव्या आल्या आणि दरवर्षी पूर आला, तर नदीतल्या लहान माशांच्या दृष्टीने त्याची पुढची पिढी इथे होते की नाही याला काही अर्थ उरत नाही. पूररेषेच्या आत जिताडा पाळू नये, हे माझं मत मी त्या शेतकऱ्याला सांगितलं. त्याने तळं आता कटल्याला दिलंय. ते माझ्या सांगण्यावरून नाही, बीजाचा भाव परवडला नाही म्हणून.

चिठ्ठीवर काय लिहिलं

नमुन्याच्या बाटलीवर नाव लिहिताना अजून एक गाठ पडते. ब्लॉख या जर्मन मत्स्यशास्त्रज्ञाने 1790 मध्ये या माशाचं वर्णन केलं तेव्हा तो जपानचा म्हणून सांगितला होता आणि ते स्थळ चुकीचं असावं असं मानतात. जपानचा स्वतःचा लॅटेस 1984 मध्ये वेगळी जात म्हणून नोंदला गेला. 2008 मध्ये डीएनए बारकोडिंगने, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा ताडून बघण्याच्या पद्धतीने, दाखवलं की म्यानमारचा आणि ऑस्ट्रेलियाचा मासा एकाच जातीचे मानावेत इतके जवळचे नाहीत. 2012 मध्ये श्रीलंका आणि म्यानमारच्या माशांतून आणखी दोन नव्या जाती वेगळ्या काढल्या : लॅटेस लॅकदिवा आणि लॅटेस उविसारा. त्यांच्यातले फरक अंगाची खोली, पाठीच्या परापासून पार्श्वरेषेपर्यंतच्या खवल्यांच्या ओळी अशा बारीक गोष्टींत आहेत. म्हणजे इराणपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचा जो एक मुलूख आपण वर आखला, तो एकाच माशाचा आहे की तीन-चार भावांनी वाटून घेतलाय, हे ठरायचं बाकी आहे. आमच्या माशाचं बीज कुठल्या हॅचरीतून आलं आणि तिथल्या माद्या कुठल्या किनाऱ्याच्या, हे शेतकऱ्याच्या पावतीवर नव्हतं.

बाटलीवर 'लॅटेस कॅल्कॅरिफर (व्यापक अर्थाने), पंचगंगा, मानवी वहनातून' असं लिहिलं. कल्ल्याचा तुकडा अल्कोहोलमध्ये आणि कानातला दगड कोरडा ठेवलाय. त्या दगडातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या प्रमाणावरून मासा कधी खाऱ्या पाण्यात होता आणि कधी गोड्या, हे वाचता येतं. तशी सोय असलेल्या प्रयोगशाळेकडे तो पाठवायचा आहे.

त्यानंतर राजापूर बंधाऱ्याखालून आणखी एका माशाचा फोटो आला. कपाळाची रेषा जुळते, रंग जुळतो. पण शेपूट आणि कल्ल्याची बाजू विक्रेत्याने आधीच उडवली होती. नोंदवहीत त्याच्यापुढे 'बहुधा' लिहिलंय. मामांना निरोप पाठवला की पुढच्या वेळी कोणाला काही मिळालं तर डोकं, शेपूट आणि पाठीचा पर तेवढा शाबूत ठेवा. त्यांचा उलटा निरोप आला, "डोस्कं दितो, पर दर आदी ठरवा."